आधी हिशोब, मग खरेदी

प्रिय मनू,

दोन रात्री तंबूत राहायचं म्हणून हजार वॉट-अवरचं पॉवर स्टेशन, म्हणजे फोन-लॅपटॉप चार्ज करणारा मोठा बॅटरीचा डबा, घ्यायचं तुझ्या मनात आहे. (वॉट-अवर म्हणजे साठवलेल्या विजेचं माप: एक वॉट तासभर चालला की एक वॉट-अवर.) जास्त असलेलं बरं, हे खरं. पण ते धूड दहा किलोच्या वर जातं. गाडीपासून तंबूपर्यंत उचलणार कोण?

आधी कागदावर बेरीज कर. तुमचे दोन फोन, एकेक साधारण 20 वॉट-अवर खाणार. कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या मिळून 30. पाच वॉटचा दिवा चार तास, म्हणजे 20. एका रात्रीचे झाले 90, दोन रात्रींचे 180. लॅपटॉप एकदा भरलास तर आणखी 60. एकूण 240. छापील आकड्यातले पंधराएक टक्के आतल्या आत खर्ची पडतात असं धर. म्हणजे तीनशेचं तुला पुरतं, आणि ते एका हाताने उचलता येतं.

दुकानदार एमएएचचे (मिलिअँपिअर-अवरचे) मोठाले आकडे दाखवेल, त्यांना भुलू नकोस. 80,000 एमएएच म्हणजे 80 अँपिअर-अवर. ते आतल्या सेलच्या 3.6 व्होल्टने गुणले तर 288 वॉट-अवर होतात, 3.2 व्होल्टने गुणले तर 256. तेव्हा लेबलवर वॉट-अवरच बघ.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घे. थोडी जड असते, पण दोन-तीन हजार वेळा चार्ज केली तरी बऱ्यापैकी टिकते. फक्त शून्य अंशाखाली गारठलेली असताना चार्जिंगला लावू नकोस. आत लिथियमचा थर जमतो आणि कायमचं नुकसान होतं. कडक थंडीत रात्री ती तंबूत घे.

क्षमता वेगळी आणि एका वेळी किती वॉट देते ते वेगळं. तीनशे वॉटच्या डब्यावर पाण्याची किटली चालणार नाही, ती एकटीच हजाराच्या पुढे मागते. चहाला स्टोव्हच बरा.

फोन-लॅपटॉप थेट यूएसबी-सीवर लाव, त्यासाठी 100 वॉटचं पोर्ट असलेलंच मॉडेल बघ. एसीचं, म्हणजे घरच्यासारख्या प्लगच्या सॉकेटचं बटण चालू राहिलं तर काहीही न जोडता आतला इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्यासारखी करणारा भाग) तासाला दहाएक वॉट-अवर गिळतो. आठ तासांच्या झोपेत ऐंशी, तुझ्या लॅपटॉपच्या एका चार्जपेक्षा जास्त! (तू दिवे बंद करायला विसरतेस म्हणून मुद्दाम लिहितोय.)

सोलर पॅनल घ्यायचं तर 100 वॉटच्या पॅनलकडून चांगल्या उन्हातही साठ-सत्तरचीच अपेक्षा ठेव, आणि त्याचं व्होल्टेज डब्याच्या मर्यादेत बसतंय का ते आधी पाहा. दोन रात्रींसाठी मला तरी ते ओझंच वाटतं.

विमानाने जायचं ठरलं तर मात्र सगळाच बेत बदलेल. 160 वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही, शंभर ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते. मग साधी शंभराच्या आतली पॉवर बँक घे, आणि तीही हातातल्या बॅगेत.

दोन-तीन मॉडेलं निवडलीस की त्यांच्या लेबलांचे फोटो पाठव, मी बघतो.

तुझा,
बाबा