प्रिंटरवाल्या दादांस

दादा, नमस्कार.

तुम्हाला आमच्या शेठनी वाशीच्या फळ मार्केटमध्ये बोलावलं होतं ते प्रिंटर बघायला. पट्ट्या, म्हणजे बागायतदारांना द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, चुकीच्या निघतात म्हणजे प्रिंटरच बिघडलाय, असा त्यांचा हिशेब. हसू नका, आठ दिवस मीही तेच म्हणत होते. खरं सांगायची हिंमत नव्हती, कारण ज्यातून पट्ट्या निघतात तो कॉम्प्युटरवरचा तक्ता मी केला होता. बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, आर ही प्रोग्रामिंगची भाषा येते, तिच्यात असे तक्ते बनवायचं शायनी येतं, अशी फुशारकी मारून.

तक्त्यात लॉट दिसायचे, हव्या त्या ओळींवर क्लिक करायचं, बटण दाबलं की त्या बागायतदारांच्या पट्ट्या. एरवी चालायचं. गाव निवडलं की मात्र रत्नागिरीच्या ओळीवर क्लिक करावं आणि पट्टी देवगडच्या माणसाची निघावी! एका बागायतदारानं फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मी विचारलं नाही असं नाही. जिथे शिकले तिथल्या सरांनी मेसेज वाचला, निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही. ऐरोलीत आयटीत असलेला मावसभाऊ म्हणाला, "अगं, सोप्पं आहे." सोप्पं होतं तर सांगायचं ना रे!

तुम्ही प्रिंटर उघडलात, मिटलात आणि म्हणालात, "ताई, हा बिचारा जे मिळतं तेच छापतोय. तुमची ती भाषा मला येत नाही. पण क्लिक केल्यावर आत नेमकं काय येतं, ते पडद्यावर दाखवाल?" मी दाखवलं. आलं फक्त ३. ना नाव, ना लॉट. नुसता तीन.

मग तुम्ही सॅम्पलच्या पेटीतले सहा आंबे टेबलावर मांडलेत, बिलबुकाचा कागद फाडून प्रत्येकावर आकडा ठेवलात. "१, ३ आणि ६ देवगडचे. ते बाजूला काढा. आता उरलेल्यांत तिसरा कोणता?" मी हात ठेवला त्यावर चिठ्ठी होती ५ ची. तक्ता गाव निवडल्यावर उरलेल्या यादीतला तिसरा सांगत होता आणि मी अख्ख्या यादीतला तिसरा उचलत होते. भावाप्रमाणे ओळी वरखाली लावून बघितल्या तेव्हा चुकलं नव्हतं, कारण क्रम बदलला तरी तक्ता ओळीचा मूळ नंबरच देतो. त्यामुळेच तर मी गाफील राहिले. आता तक्त्याला जी यादी देते तिच्यातूनच ओळ उचलते. बदल एका ओळीचा.

पण दादा, हे पत्र त्या ओळीसाठी नाही. तेवढ्यात शेठ आले, "काय बिघडलं होतं?" मी मान खाली घातली. तुम्ही स्क्रू आवळत म्हणालात, "प्रिंटर ठीक आहे. याद्या दोन झाल्या होत्या, ताईंनी पकडलं." मी कुठे पकडलं होतं? आणि व्हिजिटचे पैसेही घेतले नाहीत, म्हणे काम निघालंच नाही. टोनर बदलला म्हणून बिल फाडलं असतंत तरी इथे कुणाला कळणार होतं? अशी माणसं या मार्केटात पहाटेच्या गाड्यांच्या गर्दीत फिरत असतात आणि आपण हुशारी शोधायला भलतीकडे जातो.

तो पाच नंबरचा आंबा मी घरी नेला होता. तेव्हा कच्चा होता, काल पिकला. लेकीनं खाल्ला. चिठ्ठी मात्र मला परत हवी होती, ती तिनं सालीबरोबर टाकून दिली.

तुमची,
समोर मान खाली घालून बसलेली ताई