जिवाणूला इंधनाची हौस नसते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘आता जिवाणू बनवणार पेट्रोल!’ अशा थाटाची बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. मी ती शेवटपर्यंत वाचतो आणि एक आकडा शोधतो: एका लिटरमागे किती ग्रॅम इंधन निघालं? तो बहुधा नसतोच. हातात काचेचा चंबू धरलेल्या संशोधकाचा फोटो मात्र असतो. उमेदीची वर्षं किण्वनाच्या टाक्यांपाशी गेल्यामुळे ही खोड लागली आहे, तेव्हा चार शब्द लिहितो.

इथेनॉलचं ठीक आहे. एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल निघू शकतं, उरलेला कार्बन डायऑक्साइड. यीस्ट त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त काढून देतं, कारण हवा नसताना जगायची त्याची तीच रीत आहे. पेट्रोलच्या जास्त जवळ जाणाऱ्या आयसोब्युटेनॉल या अल्कोहोलचं तसं नाही. कॅलिफोर्नियात जेम्स लिआओ यांच्या गटाने २००८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूत व्हॅलीन हे अमिनो आम्ल तयार होण्याच्या वाटेला मधेच फाटा फोडला आणि आयसोब्युटेनॉल बनवून दाखवलं. साखरेतून जास्तीत जास्त जेवढं निघू शकतं, त्याच्या ८६ टक्के उतारा. काम अव्वल दर्जाचं, शंकाच नाही. पण लिटरमागे इंधन साधारण वीस ग्रॅम, म्हणजे टाकीत जवळजवळ सगळं पाणीच. ते वेगळं काढायला उष्णता लागते, आणि प्रमाण वाढवावं तर हेच अल्कोहोल पेशीचं आवरण सैल करतं.

खरी पंचाईत मात्र पुढेच आहे. एका रात्रपाळीत आमच्या टाकीतला नमुना काढला तर गढूळपणा (म्हणजे पेशींची दाटी) छान वाढलेला, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी टवटवीत, बाहेरचा संसर्ग नाही, आणि उत्पादन निम्म्यावर! सकाळपर्यंत आम्ही पंप, नळ्या, मोजमाप यांनाच दोष देत बसलो होतो. दोष कशाचाच नव्हता. काही पेशींनी आम्ही घातलेलं जनुक टाकून दिलं होतं. ते ओझं नसल्यामुळे त्या भराभर वाढल्या आणि टाकी त्यांचीच झाली. एका पेशीपासून दोन लाख लिटरची टाकी भरायला साधारण साठ पिढ्या लागतात. कामचुकार पेशी वीस टक्के जास्त वेगाने वाढत असेल, तर तेवढ्या काळात तिचं प्रमाण चार हजार पटींनी वाढतं. चंबूत हे दिसत नाही, कारण तिथे तेवढ्या पिढ्याच होत नाहीत.

जिथे पेशीचा स्वार्थ आणि आपला स्वार्थ एक होतो, तिथे हीच उत्क्रांती आपली चाकरी करते. लाकडात आणि काडीकचऱ्यात असलेली झायलोज ही साखर साध्या यीस्टला पचत नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी त्यात एका बुरशीचं जनुक घातलं (ही बुरशी भारतीय हत्तीच्या लिदीत सापडलेली, हे मला फार आवडतं) आणि त्या यीस्टला पिढ्यानपिढ्या झायलोजवरच ठेवलं. पचवा नाहीतर उपाशी राहा. यीस्ट शिकलं.

जिथे स्वार्थ जुळत नाही, तिथे आधी पेशी वाढू द्यायच्या आणि मग उत्पादनाची कळ दाबायची, अशी युक्ती करतात. अमायरिस कंपनीने अशा यीस्टपासून फार्नेसीन हे तेल काढलं. २०१६ च्या त्यांच्या शोधनिबंधात आकडे आहेत: लिटरमागे १३० ग्रॅमहून अधिक, दोन लाख लिटरच्या टाकीत, दोन आठवडे टिकून. फार्नेसीनपासून केलेल्या विमान इंधनाला मान्यताही मिळाली होती. तरीही कंपनी सौंदर्यप्रसाधनांकडे वळली आणि २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. अडचण पेशीची नव्हती, खनिज तेलाच्या भावाशी टक्कर होती. त्वचेला लावायच्या तेलाला जो भाव मिळतो तो गाडीत जाळायच्या तेलाला कोण देणार?

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशी बातमी आली की बातमीदाराला तीन प्रश्न विचारायला सांगा: लिटरमागे किती ग्रॅम, किती तासांत, आणि किलोभर साखरेतून किती. जमल्यास चौथाही, टाकी केवढी होती? चंबूएवढी असेल तर तसं छापा, आम्ही तरीही वाचू.

आपला,
किण्वन विभागातला एक निवृत्त कर्मचारी