बाबांच्या ताटातलं तेल

हैदराबाद

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. आई रडायला लागते आणि बाबा ‘बरं बरं, ठेव’ म्हणतात. म्हणून कागद घेतला. आई, बाबांना वाचून दाखव, आणि मध्ये थांबू नकोस.

धाकट्यानं काल सांगितलं की तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झाल्यापासून बाबांचं वजन ५८ वरून ५१ वर आलंय आणि घरात तेल-तूप बंद आहे. मोबाइलवर कुठलीशी बातमी आली, ‘तेलामुळे कॅन्सर पसरतो.’ वरणाला फोडणीसुद्धा पाण्याची देतेस म्हणे. पाण्याची फोडणी! चाळीस वर्षं तंबाखूच्या पुडीला कुणी पथ्य लावलं नाही आणि आता सगळं पथ्य तेलाच्या बरणीला.

ती बातमी मात्र निव्वळ थाप नाही, हे आधी कबूल करते. मी इथं लॅबमध्ये करते ते काम त्याच्याच जवळपासचं. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि तेलाला धरणारा लाल रंग त्यांच्यावर टाकायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या पोटात लाल लाल थेंब दिसतात, येसराच्या आमटीवर तर्री येते तसे. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला डबा गेला नाही.

ते थेंब म्हणजे पेशीचं पेव. आपल्याकडं पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे ना, दुष्काळाच्या भीतीनं, तसं. कॅन्सरची पेशी साखर अधाशासारखी खाते, हे वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. बाबांना पेट स्कॅनच्या आधी टोचलं ते साखरेसारखंच द्रव्य होतं. गाठीनं ते ओढून घेतलं म्हणून ती चमकली. पण नुसत्या साखरेवर तिचं भागत नाही. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नवं आवरण लागतं आणि ते आवरण बहुतेक स्निग्ध पदार्थांचंच असतं. शिवाय साखर कमी पडली की पेवातली चरबी काढून जाळायची. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी निघतात, एक ग्रॅम चरबीतून ९.

आता आई, नीट ऐक. ही चरबी ती फक्त ताटातून घेत नाही, स्वतः बनवते. फॅटी अॅसिड सिंथेज नावाचं एक एन्झाइम आहे, ते साखरेचे तुकडे जोडून सोळा कार्बनची साखळी तयार करतं. मोठ्या माणसाच्या बहुतेक पेशींत हा घाणा जवळजवळ बंदच असतो, बऱ्याच गाठींत मात्र तो जोरात फिरतो. म्हणजे तू तेल तोडलंस तरी भाकरीतून तेल काढायची सोय तिच्याकडं आहे. उलट बाबा अर्धपोटी राहिले की त्यांच्या अंगावरची चरबी वितळून रक्तात उतरते. एखादी पेशी मागं राहिली असेलच, तर तिला हे आयतंच. कॅन्सर उपाशी मरायच्या आधी बाबा वाळतील.

बातमीचं मूळ बार्सिलोनाच्या प्रयोगात असावं. २०१६च्या अखेरीस तिथल्या लोकांनी माणसाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांत सोडल्या. ज्या पेशींच्या अंगावर सीडी३६ नावाचं, चरबी आत ओढणारं दार जास्त होतं, त्याच दुसरीकडं पसरल्या. चरबीचं खाणं वाढवल्यावर पसरणं वाढलं आणि दार बंद करणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दिल्यावर कमी झालं. पुढं २०२१ मध्ये त्याच गटाला दिसलं की हे सगळं पामिटिक नावाच्या स्निग्ध आम्लानं होतं. ओलेइक आणि लिनोलेइक या दुसऱ्या स्निग्ध आम्लांनी तसं झालं नाही. पामतेलात पामिटिक भरपूर असतं. आणि करडीच्या तेलात लिनोलेइक सगळ्यात जास्त! बाबा, तुम्ही करडीचं ‘परभणी कुसुम’ वाण पेरायचात, त्याचं तेल घरात असताना आई पाण्याची फोडणी देते, याला काय म्हणावं? करडीचं तेल म्हणजे औषध, असं मात्र गावभर सांगू नका. हे उंदरांतलं आहे.

‘मग ते दार बंद करायचं औषध का देत नाहीत,’ असं बाबा विचारतील. शोधताहेत. घाणा थांबवणाऱ्या गोळ्यांच्या माणसांवर चाचण्या झाल्यात, काही चालू आहेत. पण बाबांना लिहून द्यावी अशी गोळी अजून नाही. अडचण अशी की आपलं हृदय मुख्यतः चरबी जाळूनच चालतं. एटोमोक्सिर नावाचं औषध चरबी जाळणं थांबवायचं. हृदयाच्या रुग्णांवर त्याची चाचणी चालू असताना काहींच्या यकृताला त्रास झाला आणि चाचणी बंद करावी लागली. तणनाशकासारखंच आहे, तण मरायला पाहिजे आणि पीक उभं राहायला पाहिजे.

तोपर्यंत बाबांना गिळता येईल असं दे. लाळ सुटत नाही, कोरडी भाकरी घशात अडकते, म्हणून ती दुधात चुरून दे. वरण-भात पातळ कर, वर चमचाभर तूप घाल. तिखट नको, तोंड सोलवटलंय. आणि हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंना एकदा फोन कर, किती प्रथिनं आणि किती कॅलरी ते त्या सांगतील. वजन दर सोमवारी, त्याच काट्यावर. आकडा धाकट्याला पाठवायला सांग, तू सांगू नकोस. तू अर्धा किलो वाढवून सांगतेस.

शनिवारच्या देवगिरीनं येते. उतरल्यावर आधी फोडणीची कढई बघणार आहे.

तुमची,
ताई