आई-अण्णा, माझ्या पगारातून काय कापतात ते सविस्तर सांगते

श्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

अण्णा, तुम्ही विचारलंत, "पगार एवढा, मग हातात एवढाच कसा?" फोनवर रेंज जात होती, नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते. दादाकडून निवांत वाचून घ्या.

विम्याचं नाव काढलं की तुमच्या कपाळाला आठी पडते, ती का ते मला ठाऊक आहे. सोयाबीन पाण्यात उभं होतं, ७२ तासांत कळवा म्हणाले, दादानं मोबाइलवरून फोटो टाकले आणि पंचनाम्याला माणूस आला तोवर रान वाळून गेलं होतं. २०२३ ला एक रुपयात पीक विमा निघाला तेव्हाही आपल्या पदरात काय पडलं ते सगळ्या घरानं पाहिलंय. तेव्हा तुमचा संशय मी खोडून काढत नाही. फक्त इथली रीत सांगते.

इथं नोकरी लागली की विमा घ्यायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. आरोग्य विम्याला पगाराच्या १४.६ टक्के आणि वर विमा संस्थेचा थोडा जादा हप्ता जातो. त्यातला अर्धा माझा, अर्धा मी काम करते त्या हॉस्पिटलचा. निवृत्तिवेतनाला १८.६ टक्के, तेही अर्धे-अर्धे. बेकारी आणि म्हातारपणीची शुश्रूषा यांचे हप्ते वेगळे. आजारी पडले तर पहिले सहा आठवडे हॉस्पिटल पूर्ण पगार देतं, त्यानंतर विमा संस्था पगाराच्या साधारण ७० टक्के देते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे. निवृत्तिवेतनाचा पैसा बुडेल अशी भीती बाळगू नका. भारत आणि जर्मनीचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पाच वर्षं भरली की हक्क लागतो आणि वय झाल्यावर ते पैसे अंबाजोगाईत बसूनही घेता येतात.

कामावरच्या अपघाताचा विमा मात्र वेगळा आहे. त्यासाठी माझ्या पगारातून एक पैसाही जात नाही. तो हप्ता मालकानंच भरायचा, असा कायदा इथं १८८४ सालापासून आहे. घरून कामावर जाता-येतानाची वाटही त्यात धरतात. थंडीत माझ्यासोबतची केरळची नर्स सकाळच्या पाळीला येताना बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "कामावर निघाली होतीस का?" हो म्हणाल्यावर कागद आरोग्य विम्याच्या खिडकीकडून अपघात विम्याच्या खिडकीकडे गेले. तिला बिल दिसलंसुद्धा नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त रजा लागली तर तीन दिवसांच्या आत कळवायचं, ही इथंही अट आहे. पण कळवायचं मालकानं, जखमी बाईनं नव्हे. अण्णा, हा फरक मला फार मोठा वाटतो. एक मात्र खरं, वाटेत भाजी घ्यायला दुकानात शिरलं आणि तिथं पडलं, तर तो अपघात कामावरचा धरत नाहीत. म्हणून मी आता कामाची पाळी संपली की आधी घरी जाते, बाजार नंतर.

आई, पुढचं वाचून घाबरू नको, पण तुम्हाला माहीत असायला हवं. कामावरच्या अपघातात माणूस गेला आणि त्याचे आईवडील मुख्यतः त्याच्याच कमाईवर जगत होते हे दाखवता आलं, तर त्यांनाही पेन्शन मिळते. गरज असेपर्यंत दोघांना मिळून त्याच्या वर्षाच्या कमाईच्या ३० टक्के, एकट्याला २० टक्के. म्हणून मी पैसे कुणाच्या हाती पाठवत नाही, बँकेतूनच पाठवते, आणि दर महिन्याची पावती ठेवते. काकांनी "हातोहात पाठव, खर्च वाचेल" म्हटलं तरी तुम्ही हो म्हणू नका.

हे सगळं असूनही दोन ठिकाणी हा विमा पोहोचत नाही. एक म्हणजे मी दिवाळीला घरी येते तेव्हा. इथलं आरोग्य कार्ड भारतात चालत नाही. लातूरला दवाखान्यात भरती झाले तर सगळा खर्च आपलाच. त्यासाठी मी निघण्याआधी प्रवासाचा वेगळा विमा काढते. दुसरं म्हणजे आजारानं जीव गेला तर गावी आणायचा खर्च आरोग्य विमा देत नाही. त्यासाठी भारतात टर्म पॉलिसी, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घेतली आहे, परदेशात काम करते हे अर्जात स्पष्ट लिहून. नॉमिनी आईचं नाव आहे. पण आई, तुझ्या आधारवर 'कलावतीबाई' आहे आणि बँकेच्या पासबुकात 'कलावती'. एवढ्याशा फरकानं वेळेला पैसे अडकतात. दादानं या आठवड्यात तुला घेऊन बँकेत जावं.

आता तुमचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ठरलेल्या आजारांचे आणि ठरलेल्या दवाखान्यांत. अण्णा, सत्तरी झाल्यामुळं तुम्हाला आयुष्मान कार्डही मिळतं, ते अजून काढलेलं नाही. याशिवाय तुमच्या दोघांसाठी मी वेगळी आरोग्य पॉलिसी बघते आहे. सप्टेंबर २०२५ पासून अशा पॉलिसीवरचा जीएसटी गेला, त्यामुळं थोडी स्वस्तही पडेल. फॉर्म भरायला माणूस येईल तेव्हा बीपी आणि साखर आहे असं सांगायचं. तो "कशाला लिहिता, हप्ता वाढेल" म्हणाला तरी लिहायला लावा. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो आणि मग सगळा विमाच जातो. मी रोज फाइली बघते, मला माहीत आहे.

आईच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा आणि आधारचा फोटो दादाला पाठवायला सांगा. अण्णांच्या गोळ्यांची चिठ्ठीही. फॉर्मवर सही करण्याआधी मला फोन करा, इथं पहाट असली तरी.

तुमची,
सुनंदा