पाटण्याचा निकाल, सांगलीचे फटाके

सांगली,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मध्या,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून वहिनी म्हणतील, यांना आत्ता सुचलं होय! गेल्या वर्षी मेमध्ये फोनवर आपलं वाजलं, त्यानंतर दिवाळीचा निरोप सोडला तर धड बोलणं नाही. तुझ्या त्या 'नोटा'चा (मतयंत्रावरच्या 'कोणीही नाही' बटणाचा) राग अजून गेलेला नाही, तो पुढे काढतोच. पण चौदा तारखेला इथे जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कोणाला? मास्तर गेले, बापूला ऐकू येत नाही, आणि घरात विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढतो.

तब्येत ठीक. साखर जरा वर होती, गोळी वाढवली. हिची पाठ थंडीत धरते. बाकी सगळे बरे.

तर बिहारचा निकाल. दुपारीच कळलं होतं, आपली एनडीए २४३ पैकी दोनशेच्या वर जाणार. शेवटी २०२ झाल्या. मला आनंद झाला, मनापासून झाला. संध्याकाळी चौकात आपली मंडळी जमली. फटाके, पेढे, सगळं रीतसर. एक तरुण कार्यकर्ता, चांगला मुलगा आहे, पुरात छातीभर पाण्यातून म्हातारी माणसं काढलेली आहेत त्याने, माईकवर म्हणाला, "बिहारने देशाचा कौल दिला. २०२९ चा निकाल आजच लागला." मग जुना माणूस म्हणून माईक माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "बिहारच्या लोकांनी बिहारचं सरकार निवडलं, त्यांचं अभिनंदन. नितीशबाबूंच्या वीस वर्षांच्या कारभाराचा हा हिशेब आहे. आपल्याला कौल मागायचाय तो आपल्या कामावर." पुढचं वाक्य तोंडात होतं तोवर घोषणा सुरू झाल्या आणि माईक पुढे गेला. कोणी अपमान केला नाही. खुर्ची दिली, पेढा दिला. पण मध्या, ते वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तूही ऐकलेलं आहेस, माझ्या शेजारी बसून.

डिसेंबर २००३. मध्य प्रदेशात २३० पैकी १७३, राजस्थान आलं, छत्तीसगड आलं. तू इंदूरहून आला होतास, उमा भारतीजींच्या सभांच्या गोष्टी सांगून सांगून घसा बसला होता तुझा. तेव्हाही हेच: देशाचा कौल मिळाला. त्याच जोरावर लोकसभा काही महिने आधी घेतली, 'भारत उदय'च्या जाहिराती लागल्या, आणि १३ मे २००४ ला आपण १३८ वर, काँग्रेस १४५ वर. अटलजींचं सरकार गेलं. लोक अजून म्हणतात की त्या तीन राज्यांनी फसवलं. त्यांनी कुठे फसवलं? मध्य प्रदेशाने लोकसभेला २९ पैकी २५ दिल्या, राजस्थानने २५ पैकी २१, छत्तीसगडने ११ पैकी १०. ती तीन राज्यं शब्दाला जागली. बुडवलं ते आंध्रने आणि तामिळनाडूने. तामिळनाडूत ३९ पैकी एकही नाही. भोपाळच्या मतदाराने मदुराईच्या मतदाराच्या वतीने बोलल्याचं आपणच ठरवून टाकलं होतं. आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णेचं पाणी कळतं. तिकडे उजनीत किती आहे ते सांगायला ती पट्टी बांधलेली नाही.

उलटंही तेवढंच खरं. १९९८ च्या नोव्हेंबरात कांद्याने दिल्ली आणि राजस्थान घालवलं, आणि वर्षभरात अटलजी परत पंतप्रधान. २०१८ ला तुमच्याकडे कमलनाथ आले, तू फोनवर जवळजवळ रडत होतास (नाही म्हणू नकोस, वहिनी साक्षीदार आहेत), आणि सहा महिन्यांत तुमच्या त्याच मध्य प्रदेशाने २९ पैकी २८ दिल्या. मग २०२३ ला तिन्ही राज्यं जिंकली, सगळ्या वर्तमानपत्रांनी 'सेमीफायनल जिंकली' म्हणून लिहिलं, आणि २०२४ ला ३०३ चे २४० झाले. राजस्थानातच २४ वरून १४.

आणि आपलं महाराष्ट्र घे. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेला ४८ पैकी महायुतीला १७. तेव्हा समोरची मंडळी म्हणाली, महाराष्ट्राने विचारधारा नाकारली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला २८८ पैकी २३०, तेव्हा आपली मंडळी म्हणाली, विचारधारेवर शिक्कामोर्तब झालं. सहा महिन्यांत माणसांची विचारधारा बदलते का रे? इथे सांगलीत तर लोकसभेला वसंतदादांचा नातू अपक्ष म्हणून निवडून आला, दोन्ही आघाड्यांना बाजूला सारून, आणि विधानसभेला सुधीर गाडगीळ तिसऱ्यांदा. आमच्या गल्लीतल्या कित्येकांनी दोघांनाही मत दिलं, आणि विचारलं तर दोन्हीची कारणं सांगतात. पहिल्याचं कारण तिकीटवाटप, दुसऱ्याचं कारण नळ, रस्ता आणि लाडकी बहीण. देशाचं नाव कोणी काढत नाही.

लाडकी बहीण म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती आली तुमच्याकडूनच. शिवराजजींनी २०२३ ला हजार रुपयांनी सुरुवात केली, इथे १५०० झाले, बिहारमध्ये निवडणुकीच्या तोंडावर महिलांच्या खात्यात दहा हजार. बायकांच्या हातात पैसा गेला याचं मला वाईट वाटत नाही. आमच्या धुणंभांडीवाल्या ताईंनी त्यातून मुलीची फी भरली, मी बघितलंय. पण २०२२ मध्ये रेवडीपासून सावध राहा म्हणून पंतप्रधानांनीच सांगितलं होतं आणि आपण टाळ्या वाजवल्या होत्या. सरकारच्या तिजोरीला हात घालताना दहा वेळा विचार करायचा, हे मास्तरांनी आपल्याला शिकवलं. मग जे मत खात्यात आलेल्या पैशाने हललं, ते आपल्या विचाराला मिळालं असं कोणत्या तोंडाने सांगायचं? माझी काळजी ही आहे. राज्यातला विजय देशाचा कौल म्हणून मिरवला की तो कशामुळे मिळाला हे कोणी तपासत नाही. हरलो तर निदान चिंतन बैठक तरी होते.

आता जुनं भांडण. १९७७. एप्रिलमध्ये जनता सरकारने नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारं बरखास्त केली: लोकसभेत लोकांनी नाकारलं, म्हणजे राज्यातही विश्वास उरला नाही. तू हरभट रोडवर पेढे वाटलेस. मी मास्तरांच्या ओसरीवर बसलो होतो. ते म्हणाले, "आज यांनी केलं ते उद्या ती करेल." सर्वोच्च न्यायालयानेही तेव्हा आडकाठी केली नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिराबाईंनी तेच शब्द वापरून नऊ सरकारं घालवली, त्यात आपलं महाराष्ट्रातलं पुलोदचंही (शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दल). राज्याचं मत आणि देशाचं मत एकच, हे एकदा मान्य केलं की शेवट तिथेच होतो. बोम्मई निकालात, १९९४ ला, न्यायालयाने हा रस्ता बंद केला म्हणून बरं. तू अजून म्हणतोस की तेव्हा परिस्थितीच तशी होती. नव्हती, मध्या. रामकृष्ण हेगड्यांचं उदाहरण तुला मी कितीदा दिलं: डिसेंबर १९८४ ला कर्नाटकात लोकसभेच्या २८ पैकी २४ काँग्रेसला गेल्या, हेगड्यांनी स्वतःहून विधानसभा नव्याने लोकांपुढे नेली, आणि मार्च १९८५ ला त्याच लोकांनी त्यांना २२४ पैकी १३९ देऊन परत बसवलं. मतदार दोन कागद वेगळे वाचतो.

म्हणूनच 'एक देश, एक निवडणूक'ला माझा पाठिंबा आहे आणि तुझा विरोध मला पटत नाही. तू म्हणतोस, एकत्र घेतलं की राज्याचा प्रश्न देशाच्या लाटेत बुडेल. मग १९९९ आठव. महाराष्ट्रात एकाच दिवशी, एकाच केंद्रावर दोन मतं. लोकसभेला युतीला ४८ पैकी २८, विधानसभेला २८८ पैकी १२५, आणि विलासराव मुख्यमंत्री. लाटेचा फायदा घ्यायला विधानसभा सहा महिने आधी विसर्जित केली होती, लोकांनी ती चलाखी ओळखली. २०१९ ला ओडिशातही तेच: विधानसभेत नवीनबाबू १४७ पैकी ११२, लोकसभेला मात्र २१ पैकी आठ भाजपला. सामान्य माणसाला हे कळतं. कळत नाही ते टीव्हीवाल्यांना, आणि आता आपल्या पोरांना. दर सहा महिन्यांनी कुठेतरी देशाची परीक्षा लागलेली असते, त्यामुळे दिल्लीत कोणी कडू निर्णय घ्यायला धजत नाही. हे थांबावं असं मला वाटतं, आणि ते वाटणं पूर्ण जुन्या माणसाचं आहे: एकदा निवडलं की पाच वर्षं काम करू द्या.

तुझा 'नोटा'. इंदूरचा काँग्रेस उमेदवार अर्ज मागे घेऊन आपल्याकडे आला हे मला आवडलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं. पण दोन लाखांवर लोकांनी 'नोटा' दाबला, त्यात तू! पन्नास वर्षं दारोदार फिरून मतं मागितलेला माणूस कोरं मत देतो? रागावलास तर पक्षात बोल, पत्र लिही, माझ्यासारखा माईक घालवून घे. मत वाया घालवायचं नाही. या मुद्द्यावर मी हलणार नाही.

इथे आता महापालिकेचं वारं. दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसलाय, नगरसेवक नावाला नाही. इच्छुकांचे फलक लागलेत, एकावरही शेरीनाल्यातल्या सांडपाण्याचा शब्द नाही, फक्त दिल्लीतल्या नेत्यांचे फोटो. तिकडे कर्नाटक अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायला निघालंय, २०१९ चं पाणी अजून भिंतींवर दिसतंय, आणि आमच्या प्रभागात मत कशावर मागणार तर पाटण्याच्या निकालावर. पुढच्या वर्षी बंगाल, आसाम, केरळ, तामिळनाडू. बंगाल आलं तर देशाचा कौल आणि केरळ गेलं तर 'तिथलं वेगळं असतं', हे भाषण मला आत्ताच पाठ आहे. आपला विचार शंभर वर्षं टिकला तो लाट मोजून टिकला नाही. १९८४ ला लोकसभेत दोन जागा आल्या तेव्हा मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळची शाखा चुकवली नाही, आणि देशाने आपल्याला नाकारलं असं एकदाही म्हणाले नाहीत. मग आज बिहारने देशभर स्वीकारलं असं तरी आपण का म्हणायचं?

बरं, तुझं काय? गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं बापूच्या मुलाकडून कळलं, जिना चढू नकोस. नातवाला पुण्यात प्रवेश मिळाला, छान झालं. सुट्टीत त्याला इकडे पाठव. राजवाड्याजवळचं घर विकू नका असं माझं मत, पण ते तुमचं तुम्ही बघा. वहिनींना नमस्कार.

एक काम कर. २००३-०४ ची तुझी कात्रणांची फाईल आहे ना, हिरव्या पुठ्ठ्याची, ती स्पीड पोस्टाने पाठव. त्या माईकवाल्या मुलाला घरी बोलावलंय, 'ऐकायचंय काका' म्हणाला. डिसेंबरची पानं आणि मेची पानं शेजारी ठेवून दाखवणार आहे. झेरॉक्स काढून मूळ प्रत परत करीन.

तुझा,
नाना