चाळ सोडताना कोल्हापूरचा कागद रद्दीत घालू नका

सस्नेह नमस्कार,

लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोड, वरळी इथल्या चाळी एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. खोली रिकामी करायची वेळ आली की पोटमाळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. ट्रान्झिटच्या जागेत एवढं सामान मावत नाही, मग आधी काढले जातात ते कागद. देव आणि भांडी सोबत जातात. पत्रं, फोटो, मनिऑर्डरच्या पावत्या, कुस्त्यांच्या मैदानाची पत्रकं मात्र किलोच्या भावाने जातात. कोल्हापूर संस्थानातल्या माणसांचा इतिहास या कागदांत आहे. तो हातचा जाऊ नये म्हणून आमचं लालबागमधलं सार्वजनिक वाचनालय कोल्हापूरसाठी स्वतंत्र दालन उभारत आहे. त्यासाठी आपले कागद, आपला वेळ आणि जमेल तेवढे पैसे हवे आहेत.

कोल्हापूरचा इतिहास मुंबईत कशाला, असं काही सभासदांनीही विचारलं. मुंबई आणि कोल्हापूरचं नातं जुनं आहे. संस्थानाने बांधलेला कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि पुढे त्याच वाटेने मिरज, पुणे करत घाटावरची माणसं गिरणीच्या खात्यांत येऊन उभी राहिली. खुद्द राजर्षी शाहू महाराजांनी ६ मे १९२२ रोजी देह ठेवला तो मुंबईतच, गिरगावात खेतवाडीच्या पन्हाळा लॉजमध्ये. त्यांच्या पदरी असलेले गानसम्राट अल्लादिया खाँसाहेब त्यानंतर मुंबईत आले आणि इथेच त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी पुढच्या पिढीच्या गळ्यात उतरली.

राजदरबाराचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात सांभाळलेले आहेत. दरबाराच्या हुकुमांनी ज्यांचं आयुष्य बदललं, त्यांच्या घरचे कागद कोण सांभाळणार? २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातल्या नोकऱ्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी एकेक वसतिगृह उभं राहिलं. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. त्या बोर्डिंगात राहून शिकलेल्या मुलाने आईला काय लिहिलं, ते पाठ्यपुस्तकात नाही. तसं एखादं पत्र आपल्या ट्रंकेत असू शकतं.

दालनाची कल्पना सुचली ती एका खानावळीच्या वहीवरून. परळच्या एका खोलीत गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या मावशींची ही वही त्यांच्या नातवाने वाचनालयात आणून दिली. लाल कापडी पुठ्ठा, कडेला तेलाचे डाग. डाव्या बाजूला नाव, त्यापुढे गाव: मुरगूड, सरवडे, गारगोटी, कापशी. मग 'एक वेळ' की 'दोन वेळ', आणि शेवटच्या रकान्यात बाकी. जानेवारी १९८२ मध्ये गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या पानांवर बाकीचा रकाना भरत जातो, आणि नावांपुढे बारीक अक्षरात 'गावी गेला' असं येऊ लागतं. बाकी मागितल्याची खूण कुठेच नाही. असा दस्तऐवज कुठल्याही दरबारी दप्तरात मिळायचा नाही.

कोल्हापूरच्या वास्तूंबद्दलही हेच म्हणणं आहे. मेजर मँट यांच्या आराखड्याने १८८४ साली पुरा झालेला काळ्या दगडातला न्यू पॅलेस आणि त्याचा घड्याळाचा मनोरा यांचे फोटो आमच्याकडे भरपूर आले आहेत. नुसत्या इमारतीचे आणखी नकोत. भवानी मंडपासमोर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, अंबाबाईच्या देवळाबाहेर आपले आजी-आजोबा उभे असतील, तर तो फोटो हवा. खासबागेचं मैदान महाराजांनी १९१२ साली असं बांधून घेतलं की उतारावर कुठेही बसलं तरी आखाड्यातली पकड दिसावी. तिथे लढलेले कितीतरी मल्ल पुढे लालबाग-परळच्या तालमींत वस्ताद झाले. त्यांची पत्रकं, गदा-फेट्याचे फोटो, खुराकाचे हिशेब, काहीही चालेल.

खासबागेला लागूनच असलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. नाट्यगृह पुन्हा उभं करणं सरकारचं आणि कोल्हापूर महापालिकेचं काम आहे, ते त्यांनी करावं. पण त्या रंगमंचावर कोण उभं राहिलं, कामगार रंगभूमीवरच्या कुणी तिथे प्रयोग केले, याची हस्तपत्रकं आणि तिकिटं मुंबईतल्या घरांत पडून असतील. ती एकत्र केली तर त्या वास्तूचा जळालेला काळ थोडा तरी परत जोडता येईल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं तेव्हा समुद्रापार व्यापाराची साक्ष देणारी, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती मिळाली. ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. कुणीतरी ती नीट उचलून ठेवली म्हणून आपल्याला बघता येते.

आता मदतीचं. मूळ कागद द्यायचा नसेल तर देऊ नका. आम्ही आपल्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. कायमचा दिला तर पोचपावती मिळेल आणि दात्याच्या घराण्याचं नाव नोंदीत राहील. खासगी मजकूर असेल तर तो किती वर्षं बंद ठेवायचा, हे आपण सांगाल तसं. ओढून फोटो अल्बममधून काढू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. त्यातून कागद सुटत नाही. कसर लागली असेल तरी झटकू नका, सुती कापडात गुंडाळून तसंच आणा. फोटोतली नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, पाठीमागे बॉलपेनने नको. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर ही चिठ्ठी या आठवड्यातच लिहून घ्या.

पैसे लागणार आहेत ते मोठ्या आकाराच्या स्कॅनरसाठी, दोन पोलादी कपाटांसाठी, आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यांसाठी आणि पावसाळ्यात दमट हवा रोखणाऱ्या यंत्रासाठी. एका घरची ट्रंकभर कागदपत्रं साफ करून, स्कॅन करून नीट ठेवायला साधारण १,५०० रुपये लागतील असा आमचा अंदाज आहे. एका ट्रंकेचा खर्च उचललात तरी मोठी मदत होईल. शंभर रुपयेही तितक्याच आदराने घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावमंडळांनी आपल्या गावकीच्या खोलीतल्या जुन्या वह्या दिल्या, तर त्यांच्या गावाच्या नावाने वेगळा कप्पा करू.

पैशांपेक्षाही मोठी अडचण मोडी वाचणाऱ्यांची आहे. जुनी खरेदीखतं आणि पत्रं मोडीत आहेत, आणि आमच्यात सफाईने मोडी वाचणारं कुणी नाही. आठवड्यातून दोन तास देणारं कुणी आपल्या ओळखीत असेल तर कळवा. स्कॅनिंग शिकायला तयार असलेली कॉलेजची मुलंही हवीत.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ६ ते ९ उघडं असतं. देणगी फक्त वाचनालयाच्या नावाच्या धनादेशाने किंवा कार्यालयात पावती घेऊनच द्या. दारोदार फिरून पैसे गोळा करायला आम्ही कुणालाही नेमलेलं नाही. खोली रिकामी करायची तारीख जवळ आली असेल तर निरोप ठेवा, आमचे कार्यकर्ते टेम्पो येण्याआधी घरी येऊन कागद बघतील. पाकिटावर आपलं नाव, चाळीचं नाव आणि मूळ गाव, तालुक्यासह, जरूर लिहा.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय, लालबाग