व्याख्यानांपेक्षा अठरानंतरचा आराखडा द्या

संपादक महोदय,
बालगृहांत किंवा पर्यायी कुटुंबात वाढणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या व्यसनांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला उपाय सुचतो तो व्याख्यानाचा. मी एका बालगृहात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवत असे. तंबाखूने कर्करोग होतो हे तिथे प्रत्येकाला तोंडपाठ होते. तरीही दाढेखाली चिमूट धरून वर्गात बसणारे होतेच. त्यांतल्या एकाला दहावीनंतर काय करणार असे विचारले, तेव्हा ‘अठरा झाले की इथून काढतील, मग बघू’ एवढेच तो म्हणाला. एकोणिसाव्या वर्षी पाठ कुठे टेकायची हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला चाळिशीतल्या आजाराचा धाक घालून काय उपयोग? मुलींच्या भवितव्याचा विचार तर बऱ्याचदा स्थळ शोधण्यापाशीच थांबतो.

कायदा याबाबत कमी पडलेला नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार मुलांना मादक किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कलम 46 मध्ये अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे, आणि केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेखाली अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधारासाठी, दरमहा 4000 रुपये देता येतात. राज्यात 2018 पासून अनाथांना शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षणही आहे. मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हातात लागते, आणि आई किंवा वडील हयात असलेल्या मुलाला ते मिळतच नाही. बालगृहांत अशी मुलेही मोठ्या संख्येने असतात, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा नियमाने बंधनकारक आहे, पण तो फायलीत राहतो आणि ज्याचा आहे त्यालाच माहीत नसतो. अशा मुलांच्या काळजीचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने मूल पंधरा वर्षांचे होताच, ते संस्थेत असो वा पर्यायी कुटुंबात, त्याला समोर बसवून हा आराखडा त्याच्याशी बोलून नव्याने करावा. बँक खाते, दाखले, पुढचे शिक्षण आणि अठरानंतरचा निवारा यांची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी त्यात लिहावे, आणि त्याची एक प्रत मुलाच्या हाती द्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा